डोईपट्टी आलीच नसती तर?

मागच्या अंकात ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर, म्हणजे आपल्या थॅचरबाई, यांच्या पोल टॅक्सबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, की अकरा वर्षं पंतप्रधान असलेली बाई शेवटी एका नगरपालिकेच्या लेव्हलच्या पट्टीपायी घरी गेली, आणि तेवढ्यावर इतके मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यातच जाणार असं दिसतंय. बहुतेकांचा प्रश्न एकच, तो कर आलाच नसता तर? जर-तरचे प्रश्न मला मनापासून आवडतात, फक्त माझी एक अट असते, "जर"च्या पुढे जे काही घालाल ते त्या वेळी खरंच टेबलावर असलं पाहिजे, उगाच थॅचरबाई साताऱ्यात जन्मल्या असत्या तर, असलं काही चालणार नाही. नशिबाने या प्रकरणात टेबलावर बरंच काय काय होतं.

प्रश्न : ताई, आधी मुळात हा कर काय होता ते सांगा. घरपट्टी आम्हालाही आवडत नाही, दर वर्षी शिव्या घालत भरतो, म्हणून काही कुणाचं सरकार गेलेलं पाहिलं नाही. (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, त्यांचीही आधी घरपट्टीच होती. रेट्स म्हणायचे तिला. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल याचा एक अंदाज धरायचा आणि त्यावर पट्टी लावायची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लोकांना करपात्र मूल्य हा शब्द पाठ असतो ना, तेच. थॅचरबाईंच्या पक्षाची तक्रार अशी की एका मोठ्या घरात एकटी विधवा आजी राहते आणि शेजारच्या तशाच घरात कमावते चार जण राहतात, दोन्ही घरांना पट्टी सारखीच, हा कुठला न्याय. ही आजी त्या काळात इतक्या भाषणांत आली की बिचारीला मानधन द्यायला हवं होतं. आजीला लक्षात ठेवा, ती पुढे परत येणारे.

पण आजी हे दाखवायचं कारण होतं, आतलं कारण आकड्यात होतं. इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीचे मतदार साडेतीन कोटी, त्यातले ज्यांच्या नावावर पट्टी लागते ते १ कोटी ८० लाख, आणि सवलती वजा करून पूर्ण भरणारे फक्त १ कोटी २० लाखाच्या आसपास. म्हणजे बाकीचे मत देऊन विरोधी लेबर पक्षाची खर्चिक काउन्सिल (तिथली नगरपालिका) निवडणार आणि बिल भलतेच लोक भरणार, असं सरकारचं गणित. मग ठरलं की घरावर नको, डोक्यावरच लावू, १८ पूर्ण झालेल्या प्रत्येकाला त्या गावात एकच रक्कम, बंगला असो नाहीतर भाड्याची खोली. एकदम गरिबांना सूट, पण ती जास्तीत जास्त ८० टक्के, उरलेले २० टक्के बेकारापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांनी भरायचेच. सरकारी नाव कम्युनिटी चार्ज, पण लोकांनी पहिल्यापासून पोल टॅक्सच म्हटलं, पोल म्हणजे जुन्या इंग्रजीत डोकं, म्हणून मी त्याला डोईपट्टी म्हणते. निकोलस रिडली नावाचे मंत्री तर उघड सांगायचे की ड्यूक आणि कचरा उचलणारा दोघांनी सारखंच भरण्यात चूक काय आहे. असं वाक्य स्वतःहून विरोधकांच्या हातात देणारा मंत्री मिळायला भाग्य लागतं.

हे समजायला आमच्या सोसायटीची एजीएम बघा. सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखे, वन बीएचके असो की थ्री बीएचके, लिफ्ट सगळेच वापरतात म्हणून, आणि पाणी मात्र नळांच्या संख्येवर. या दोन ओळींवर आमच्याकडे दर वर्षी दीड तास भांडण होतं आणि शेवटी चहा येतो म्हणून मिटतं. आता कल्पना करा की उद्यापासून सगळंच माणशी, वन बीएचकेमधले सहा जण सहा वाटे भरणार आणि थ्री बीएचकेमधले दोघं दोन. चहाने मिटेल?

प्रश्न : एवढे हुशार लोक सरकारात, कुणीच बाईंना सांगितलं नाही का हो? (ठाणे)

उत्तर : सांगितलं ना, आणि चांगलं लेखी सांगितलं. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी १९८५च्या मे महिन्यातच नोट पाठवली होती की हे राबवता येणार नाही आणि राजकीयदृष्ट्या घात होईल. गंमत म्हणजे त्यांनी विरोध नोंदवला आणि मग बाजूला होऊन बसले, हे खातं माझं नाही म्हणून. ऑफिसात असतात ना असे, मी मेलमध्ये लिहिलं होतं म्हणणारे.

घाई का झाली ते स्कॉटलंडमुळे. इंग्लंडमध्ये घरांचं मूल्यांकन १९७३ नंतर कुणी केलंच नव्हतं, प्रत्येक सरकार पुढे ढकलत होतं, कारण मूल्यांकन म्हणजे ओरड. स्कॉटलंडमध्ये मात्र ते १९८५ला झालं आणि चांगल्या वस्तीतल्या, म्हणजे बाईंच्याच मतदारांच्या पट्ट्या धडाधड वाढल्या. ज्येष्ठ मंत्री विली व्हाइटलॉ ग्लासगोजवळच्या बेअर्सडेन नावाच्या उपनगरात गेले होते, तिथल्या पक्षाच्या लोकांनी त्यांना असं काही धरलं की ते हादरून परत आले आणि बाईंना म्हणाले काहीतरी करायलाच पाहिजे. त्याच वसंतात चेकर्सला, म्हणजे पंतप्रधानांच्या गावाकडच्या सरकारी बंगल्यात, बैठक झाली आणि केनेथ बेकर, विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी डोईपट्टीची कल्पना मांडली, पुढे जानेवारी १९८६ मध्ये सरकारी प्रस्तावाचा कागद बाहेर आला. आता माझं पहिलं जर-तर इथेच आहे, स्कॉटलंडनेही इंग्लंडसारखं मूल्यांकन पुढे ढकललं असतं तर हे सगळं एखाद्या कमिटीच्या फायलीत धूळ खात पडलं असतं. हे काही भव्य वगैरे नाहीये, एका खात्याने एक तारीख पुढे ढकलायची होती, बस.

प्रश्न : कर आला नसता तर थॅचरबाई टिकल्या असत्या का? एका वाक्यात उत्तर द्या, तुम्ही फार फाटे फोडता. (कोल्हापूर)

उत्तर : एका वाक्यात, बाई टिकल्या असत्या आणि त्यांचा पक्ष हरला असता.

आता फाटे फोडते. बाई ज्या मतदानात गेल्या ते जनतेचं नव्हतंच, त्यांच्याच खासदारांचं होतं. २० नोव्हेंबर १९९०, बाईंना २०४, पक्षातलेच प्रतिस्पर्धी मायकेल हेसेल्टाइन यांना १५२, आणि १६ जण कुठेच नाहीत. नुसतं बहुमत पुरत नव्हतं, पक्षाच्या नियमाप्रमाणे ५६चं अंतर हवं होतं आणि पडलं ५२चं, म्हणजे हेसेल्टाइनकडची दोन माणसं बाईंकडे गेली असती तरी त्या पहिल्याच फेरीत जिंकल्या असत्या. दोन माणसं! आणि हेसेल्टाइन प्रचारात काय सांगत होते तर मी आलो की पोल टॅक्सचा पुनर्विचार करीन. त्या वर्षी मार्चमध्ये मिड स्टॅफर्डशायरची पोटनिवडणूक झाली, बाईंच्या पक्षाची पक्की सीट, तिथे २१ टक्के मतं फिरून लेबर आली, ऑक्टोबरमध्ये ईस्टबोर्न गेलं, ते तर समुद्रकिनाऱ्यावरच्या निवृत्त लोकांचं गाव, जिथे ती आजी राहते असं समजायला हरकत नाही. प्रत्येक टोरी, म्हणजे बाईंच्या पक्षाचा, खासदार रात्री आपल्या सीटचा हिशोब करत होता. अशा वेळी दोनच काय, पन्नास माणसं त्या करामुळे इकडची तिकडे गेली असणार असं मी धरून चालते.

पण एक लक्षात घ्या, काडी करानं लावलेली नाही. उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनी नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी राजीनामा दिला तो युरोपवरून, १३ तारखेचं त्यांचं ते शांत आवाजातलं जहरी भाषण पण युरोपवरच होतं. कराने गवत वाळवून ठेवलं होतं, काडी दुसऱ्या खिशातून आली. आणि वाळवण्यात महागाई आणि व्याजदरही होते, १९८९च्या ऑक्टोबरमध्ये बँक दर १५ टक्के झाला होता, घराचे हप्ते भरणाऱ्यांची कंबर मोडली होती, त्याच महिन्यात लॉसन राजीनामा देऊन गेले. म्हणून मी म्हणते की कर नसता तरी बाईंचं सरकार लोकप्रिय वगैरे नसतं, फक्त खासदारांना उघड बंड करायला पुरेल एवढी भीती वाटली नसती.

मग बाई १९९२च्या निवडणुकीला उभ्या राहिल्या असत्या, मंदीत, तेरा वर्षांची सत्ता पाठीवर घेऊन. खऱ्या इतिहासात काय झालं, जॉन मेजर आले, साधा माणूस, डोईपट्टी काढणार म्हणाले, आणि लोकांना सरकार न बदलता सरकार बदलल्यासारखं वाटलं. ९ एप्रिल १९९२ला मेजर ३३६ सीटा घेऊन आले, बहुमत फक्त २१चं. त्या करावर राग काढायला लोकांना बाई मिळाल्या आणि पक्ष वाचला. कर नसता तर राग काढायला पक्षच उरला असता. लेबरचे नेते नील किनॉक पंतप्रधान झाले असते असं माझं मत, काठावर का होईना.

आणि किनॉक यांचं काय झालं असतं? पाच महिन्यांनी १६ सप्टेंबर १९९२, पौंड कोसळला आणि ब्रिटनला युरोपच्या विनिमय दराच्या यंत्रणेतून बाहेर पडावं लागलं, तो दिवस टोरींच्या अंगावर आला आणि अर्थकारण आम्हालाच कळतं हा त्यांचा तोरा कायमचा गेला. त्या यंत्रणेत राहायचं हे लेबरचंही धोरण होतं. म्हणजे तो दिवस लेबरच्या अंगावर आला असता. मग १९९७चा लेबरच्या टोनी ब्लेअर यांचा महाविजय? बहुधा नाही. इथे मी थांबते, कारण प्रत्येक "तर" नंतर खात्री निम्मी होते आणि मी आता चौथ्या "तर"वर आहे.

प्रश्न : कर येणारच होता असं धरलं तर तो नीट आणता आला असता का? की कल्पनाच नासकी होती? (वास्तुविशारद, पुणे)

उत्तर : हा सगळ्यात चांगला प्रश्न आला या वेळी, आणि याचं उत्तर जरा भीतिदायक आहे, की हो, आणता आला असता.

मूळ बेत असा होता की पहिली काही वर्षं जुनी घरपट्टी आणि नवी डोईपट्टी शेजारी शेजारी चालणार, दर वर्षी एक थोडी कमी दुसरी थोडी जास्त, काही भागांत तर दहा वर्षांपर्यंत. ऑक्टोबर १९८७ला ब्लॅकपूलला पक्षाचं अधिवेशन भरलं, त्याच जूनमध्ये १०२च्या बहुमताने निवडून आल्याची हवा डोक्यात, आणि स्कॉटलंडमध्ये नुकतीच सीट गमावलेल्या एका माजी खासदाराने भाषण ठोकलं की ही रखडपट्टी कशाला, एका फटक्यात आणा. टाळ्या पडल्या. स्टेजवर बसलेल्या मंत्र्यांनी त्या टाळ्या म्हणजे देशाचं मत समजलं आणि हळूहळू आणायचा बेत जवळजवळ गुंडाळला. टाळ्या वाजवणारे तेच मोठ्या घरांतले लोक होते ज्यांचं बिल कमी होणार होतं!

दुसरी संधी १९८८च्या एप्रिलमध्ये. मायकेल मेट्स नावाच्या त्यांच्याच खासदाराने दुरुस्ती आणली, तीन पायऱ्या करा, इन्कम टॅक्स न भरणारे निम्मं, साधे करदाते पूर्ण, जास्त कर भरणारे दीडपट. सरकारचं बहुमत शंभराच्या वर आणि ही दुरुस्ती पडली फक्त २५ मतांनी. नंतर लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, तसाच प्रयत्न झाला तर एरवी कधी तोंड न दाखवणारे खेड्यापाड्यातले जुने सरदार मतदानापुरते गोळा करून आणले. तेरा खासदार हलले असते ना, तर ड्यूक आणि झाडूवाला हे वाक्यच मेलं असतं.

तिसरं पैशाचं. सरकारने त्याच वेळी दुकानं-कारखान्यांची पट्टी काउन्सिलच्या हातून काढून देशभर एकच केली, त्यामुळे काउन्सिलच्या खर्चातला जेमतेम चौथा हिस्सा डोईपट्टीवर आला. म्हणजे खर्च एक टक्का वाढला की पट्टी चार टक्के. सरकार म्हणत होतं सरासरी २७८ पौंड पुरेत, आणि १९९०ला प्रत्यक्ष आले ३६३च्या आसपास. नवरा-बायकोचे दुप्पट करा. लंडनमध्ये बाईंच्या पक्षाच्या वॉन्ड्सवर्थमध्ये १४८ पौंड, वेस्टमिन्स्टरला १९५, आणि त्याच शहरात हॅरिंगेला पाचशेच्या वर. आता हे मजेशीर आहे की वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टरमध्ये त्या मे महिन्यात टोरी दणक्यात निवडून आले, म्हणजे त्या दोन ठिकाणी कर जसा चालायला हवा होता तसा चालला, लोकांनी बिल बघितलं आणि स्वस्त काउन्सिलला मत दिलं. कल्पना नासकी होती म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे विसरू नये.

तेव्हा दहा वर्षांत हळूहळू, तीन पायऱ्यांत, केंद्राने थोडे पैसे ओतून आणला असता तर डोईपट्टी आजही असती आणि लोक तिला शिव्या घालत भरत असते, आपल्या साताऱ्याच्या सरांसारखं. मला ती दुनिया नको आहे, पण ती शक्य होती.

आणि आता आजी. डोईपट्टी जाऊन १ एप्रिल १९९३ला काउन्सिल टॅक्स आला, परत घरावरच, घरांचे किमतीप्रमाणे ए ते एच असे गट पाडून, आणि त्यात एक कलम आहे की घरात एकच प्रौढ माणूस असेल तर २५ टक्के सूट. झाला की आजीचा प्रश्न सुटला! हे एक कलम १९८५ला जुन्या घरपट्टीत घातलं असतं तर? ना ट्रॅफल्गार स्क्वेअरची दंगल, ना हेसेल्टाइन. पण त्यांना आजीला सूट द्यायची नव्हती, मतदाराला धडा शिकवायचा होता, आजी फक्त फोटोपुरती. (तो काउन्सिल टॅक्स इंग्लंडमध्ये अजून १९९१च्या किमतींवर चाललाय बरं का. मूल्यांकनाला हात लावायची कुणाची टाप नाही. दूध पोळलं की ताक कसं पितात ते बघायचं तर हे.)

प्रश्न : माझे सासरे तेव्हा लेस्टरला होते. एका घरात आजेसासू-आजेसासरे, दोन भाऊ, दोन जावा आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली आत्या. सात बिलं आली. सासरे अजून सांगतात की पोस्टमनला वाटलं या घरात शाळा आहे. आमच्या लोकांवर याचा जास्त परिणाम झाला होता का? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : झाला तर. या कराचा हिशोब करणाऱ्यांच्या डोक्यातलं कुटुंब म्हणजे एकटी आजी नाहीतर नवरा-बायको. एका छपराखाली तीन पिढ्या ही गोष्ट त्यांच्या फळ्यावर नव्हतीच. जुन्या घरपट्टीत लहानशा घरात सात जण राहिले तरी घर एकच, पट्टी एकच, आणि आता सात. शहरांच्या जुन्या वस्त्यांतली गुजराती, पंजाबी, बांगलादेशी आणि तुमच्यासारखी मराठी एकत्र कुटुंबं यात सरळ सरळ मार खाणाऱ्यांत होती. त्यातून नवरा-बायको एकमेकांच्या बिलाला जबाबदार, म्हणजे बाई कमवत नसली तरी तिचं बिल आहेच आणि ते नवऱ्याच्या मानगुटीवर.

यातून एक राजकीय भानगड झाली ती कमी सांगितली जाते. पट्टीची यादी आणि मतदार यादी कायद्याने वेगळ्या, पण लोकांना काय कळणार, त्यांना वाटलं एका यादीत सापडलो की दुसरीत सापडणार. म्हणून बऱ्याच जणांनी मतदार यादीतच नाव घातलं नाही. ही माणसं बहुतेक गरीब, तरुण, भाड्याने राहणारी, म्हणजे जास्त करून बाईंच्या विरोधातली मतं. २१च्या बहुमताच्या निवडणुकीत अशी गायब झालेली मतं कुणाच्या पथ्यावर पडली असतील ते तुम्हीच बघा. तुमच्या आत्याचं नाव तेव्हा यादीत होतं का विचारा बरं, आणि मला कळवा.

प्रश्न : स्कॉटलंडला मुद्दाम प्रयोगाचा उंदीर केलं होतं ना? आणि हा कर नसता तर तिथली वेगळी संसद झालीच नसती असं म्हणतात. (नागपूर)

उत्तर : उंदीर प्रकरण अर्धं खरं. स्कॉटलंडमध्ये कर १ एप्रिल १९८९ला आला, इंग्लंड-वेल्समध्ये बरोबर एक वर्षाने, उत्तर आयर्लंडमध्ये कधीच नाही. पण तो वर्षभर आधी यावा म्हणून मागे लागलेले तिथलेच टोरी होते, त्या १९८५च्या मूल्यांकनाची आग विझवायला. पण ग्लासगोच्या बाईला हे सांगून काय उपयोग, तिला दिसतंय की आपल्याकडे जेमतेम दहा खासदार असलेल्या पक्षाने आपल्यावर आधी लादलं. आणि इथे लोक गल्ली चुकतात ती अशी की टोरी स्कॉटलंडमध्ये करामुळे बुडाले, तर तारखा बघा, २१चे १० झाले ते १९८७ला, कर यायच्या दोन वर्षं आधी. कर जोरात असताना १९९२ला उलट १०चे ११ झाले! शून्य झाले ते १९९७ला.

मग करानं केलं काय? स्वतंत्र संसदेची मागणी आधीपासून होती, १९७९च्या सार्वमतात बहुमत तिच्याच बाजूने पडलं होतं, फक्त एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट होती त्यात ती अडकली. त्यानंतर तो विषय प्राध्यापक आणि वकिलांच्या चहापुरता राहिला. १९८९च्या मार्चमध्ये ३० तारखेला एडिंबरात त्या मागणीसाठी घटना परिषद भरली, आणि दोन दिवसांनी घराघरात डोईपट्टी लागू. आता जे भाषण हॉलमध्ये चाललं होतं त्याचा पुरावा प्रत्येकाच्या दारात पडला. कर नसता तरी १९९७ला लेबर आली की सार्वमत झालं असतंच असं मला वाटतं, पण त्यात ७४ टक्के होकार पडले ते पडले असते का, याबद्दल मी पैज लावणार नाही. आणि जर मघाशी म्हटलं तसं किनॉक १९९२लाच आले असते तर संसद पाच वर्षं आधी आली असती, हेही आहे. म्हणजे कर नसता तर स्कॉटलंडची संसद लवकर! नागपूरकर, हे पचतंय का बघा.

प्रश्न : डोईपट्टी म्हणजे जिझियाच की. इंग्रजांना आपला इतिहास वाचायला काय झालं होतं? (इतिहासप्रेमी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : त्यांना त्यांचाच वाचायला वेळ नव्हता. १३८०ला प्रौढ माणशी १२ पेन्स लावले, तीन वर्षांपूर्वी होते त्याच्या तिप्पट, आणि १३८१ला वॉट टायलरच्या मागे शेतकरी लंडनमध्ये घुसले. सहाशे वर्षांनी तेच. जिझियाशी तुलना मात्र जपून करा, तो धर्मावरून लावलेला कर, हा सरसकट सगळ्यांना. पण एक टोचणारी गोष्ट सांगते, औरंगजेबाने १६७९ला परत लावलेल्या जिझियालाही श्रीमंत, मधला आणि गरीब अशा तीन पायऱ्या होत्या. मेट्ससाहेब तेवढंच मागत होते.

प्रश्न : आपल्याकडचा एलबीटी (लोकल बॉडी टॅक्स) हा आपला पोल टॅक्स म्हणायचा का? २०१४ला आघाडीचं सरकार त्यानेच गेलं असं आमच्या बाजारपेठेत अजून बोलतात. (व्यापारी, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : बाजारपेठेत बोलणारच, बंद तुम्ही ठेवला होता. २०१३च्या एप्रिलमध्ये पुण्या-ठाण्यासारख्या मोठ्या शहरांत जकात जाऊन एलबीटी आला, दुकानं बंद झाली, पुढे निवडणुकीत तो काढायचं आश्वासन आलं आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या खालच्या उलाढालीला तो माफही झाला, तेव्हा राजकारणात तो होताच. पण सरकार त्याने गेलं म्हणणं मला झेपत नाही, २०१४ला देशभर वारं काय होतं ते आठवा. मुख्य फरक असा की जकात काय नि एलबीटी काय, गिऱ्हाईकाला दिसत नाही, साबणाच्या किमतीत विरघळून जातो. चिडले ते व्यापारी, कारण रजिस्टर त्यांना ठेवायचं होतं.

आपला खरा पोल टॅक्स वेगळाच आहे आणि तो तुमच्या कामगारांच्या पगारातून गुपचूप जातो, प्रोफेशन टॅक्स. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००, आणि घटनाच त्याच्या वर जाऊ देत नाही. वीस हजारवाल्याला तेवढाच आणि दोन लाखवाल्यालाही तेवढाच (कमी पगाराच्या बायकांना सूट आहे ती सोडा). ड्यूक आणि झाडूवाला नव्हे तर दुसरं काय? १९७५ पासून आहे, रोजगार हमीच्या नावाने आला. दंगल सोडा, फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का गेले हे विचारायला कुणी एचआरकडे जात नाही. का, तर बिल येत नाही.

थॅचरबाईंनंतरच्या लोकांना हे बरोबर कळलं. मार्च १९९१च्या बजेटमध्ये नॉर्मन लॅमॉन्ट यांनी डोईपट्टी माणशी १४० पौंडांनी कमी केली आणि तेच पैसे व्हॅट १५ वरून साडेसतरा टक्के करून काढले. त्याच लोकांच्या खिशातून, तेवढेच. वॉन्ड्सवर्थमध्ये तर पट्टी शून्य झाली. ट्रॅफल्गार स्क्वेअरमध्ये आदल्या वर्षी ३१ मार्चला दोन लाखांच्या आसपास लोक जमले होते, जाळपोळ झाली, ३३९ जणांना धरलं, आणि व्हॅट वाढवला तेव्हा तिथे फक्त कबुतरं होती.

प्रश्न : ज्यांनी भरलाच नाही त्यांचं पुढे काय झालं? की बुडवणारे नेहमीप्रमाणे सुटले? (नाशिक)

उत्तर : काही आत गेले. टेरी फील्ड्स नावाचे लेबरचे खासदार १९९१ला ६० दिवस तुरुंगात होते. स्कॉटलंडमध्ये जप्तीवाले यायचे आणि सामानाचा लिलाव पुकारायचे, तो अडवायला अख्खी गल्ली दारात उभी राहायची, त्यातलेच एक टॉमी शेरिडन आत गेले, नंतर नव्या संसदेत निवडून आले आणि तिथे त्या घरगुती लिलावांवर बंदीचा कायदा २००१ला त्यांनीच आणला.

बाकीच्यांची थकबाकी कागदावर राहिली. मग २०१४ला स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत आलं, इतके लोक नावं नोंदवायला धावले की मतदान ८४.६ टक्के झालं, आणि त्यात पंचवीस वर्षं यादीपासून लांब राहिलेली माणसंही होती. लगेच काही काउन्सिलवाल्यांनी नवीन मतदार यादी बघून म्हटलं अरे हे तर आपले जुने थकबाकीदार, वसुली काढू या! त्यावर तिथल्या संसदेने २०१५ला कायदाच करून ती सगळी थकबाकी पुसून टाकली. ज्यांनी तोपर्यंत हप्त्या-हप्त्याने प्रामाणिकपणे फेडली होती त्यांना मात्र काही परत मिळालं नाही.

पुढच्या अंकासाठी जर-तरचे प्रश्न पाठवताना गाव आणि वय जरूर लिहा, आणि लेस्टरवाल्यांनी आत्याचं कळवा.